गच्चीची किल्ली कुणाकडे?

बेंगळूरुतील आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षे एक सामायिक बाग होती. टोमॅटो, हिरवी वांगी, मिरच्या, मायाळूचा वेल, राजगिऱ्याची लाल-हिरवी पाने आणि हिवाळ्यात अवरेच्या शेंगा. १६ घरांपैकी नऊ घरे तिच्यात सामील होती. उरलेली सात घरे तक्रार न करण्याइतकी उदार होती. मार्च २०२४ मध्ये शहराच्या पाणीटंचाईने देशभरातील मथळे व्यापले. आमची कूपनलिका त्याआधीच आटली होती आणि आम्ही टँकरवर जगत होतो. त्यातच पिण्याचे पाणी बागा आणि मोटारी धुण्यासाठी वापरण्यास जलमंडळाने मनाई केली व पाच हजार रुपयांचा दंड जाहीर केला. रहिवाशांची बैठक झाली. बाग बंद करण्याचा निर्णय दहा मिनिटांत, एकमताने झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होते. गच्चीला कुलूप लागले आणि किल्ली सचिवांच्या घरातील खुंटीवर गेली.

त्या बैठकीत एका व्यक्तीला बोलावण्याचे आम्हाला सुचलेही नाही. इमारतीच्या रखवालदाराची पत्नी कलबुर्गी जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबातून आलेली. तीन वर्षे रोज सकाळी त्या झाडांना पाणी घालणारी, कीड वेचणारी, मिरचीचे बी राखून ठेवणारी तीच. आम्ही नऊ घरे रविवारी सकाळी चहाचे पेले घेऊन वर जात असू आणि स्वतःला बागाईतदार म्हणवून घेत असू. कुलूप लागल्यावर चार दिवसांनी ती मला जिन्यात भेटली. ‘मॅडम, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी सगळ्या घरांतून रोज मोरीत जातं. मी बादल्या फिरवून गोळा केलं असतं. कुणी विचारलंच नाही,’ एवढेच ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा आश्चर्य अधिक होते.

मी शहरांच्या प्रश्नांवर लिहिते. त्यामुळे या वाक्याने मला जितके ओशाळे केले, तितकेच विचारातही पाडले. आमची बाग केवळ टंचाईने मेली नव्हती. तिची मालकी सर्वांची होती, श्रम एकीचे होते आणि निर्णय तिसऱ्यांच्याच हाती होता. देशभर गच्चीवरील शेतीच्या ज्या योजना गेल्या दशकभरात आल्या, त्यांची गाठही नेमकी याच ठिकाणी अडते.

या योजनांची यादी लहान नाही. तामिळनाडूने २०१३ मध्ये चेन्नई व कोइम्बतूर या शहरांसाठी गच्चीबागेचे संच अनुदानाने देण्यास प्रारंभ केला. रोपांच्या पिशव्या, काथ्याच्या भुशाच्या विटा, बियाणे आणि जुजबी अवजारे असे त्यांचे स्वरूप होते. बिहारने पाटणा, गया, मुझफ्फरपूर व भागलपूर या शहरांत ‘छत पर बागवानी’ योजना आणली. तीनशे चौरस फुटांचा एक घटक धरून त्याच्या खर्चाच्या निम्मा, पुढे तीन चतुर्थांश वाटा सरकारने उचलावा, अशी तिची रचना. दिल्लीने २०२२ मध्ये पुसा येथील कृषी संशोधन संस्थेच्या साह्याने शहरी शेतीचे प्रशिक्षण हाती घेतले. हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या योजनांचे यश मोजण्याची पट्टी जवळपास सर्वत्र एकच आहे, ती म्हणजे किती संच वाटले. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती बागा जिवंत राहिल्या, हा रकाना सरकारी तक्त्यांत क्वचितच सापडतो.

याचे एक कारण आपल्या राज्यघटनेच्या मांडणीतच आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट जोडले. त्यातील पहिलाच विषय ‘कृषी आणि कृषी विस्तार’ असा आहे. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावे परिशिष्ट जोडले. त्यातील १८ विषयांत नागरी वनीकरण आहे, उद्याने आहेत, क्रीडांगणे आहेत, पण शेती नाही. अन्न खेड्यात पिकते आणि शहरात खाल्ले जाते, हे गृहीतक तिथे कायम झाले. परिणाम असा की, कृषी खात्याला शहरात माणसे नाहीत आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला भाजीपाल्याशी कर्तव्य नाही. गच्चीवरच्या वांग्याला शेंडेअळी लागली, तर विचारायचे कुणाला? संच देणारे खाते तोवर पुढच्या वर्षीच्या लाभार्थ्यांच्या यादीत गुंतलेले असते.

या बाबतीत केरळ वेगळे का ठरले, हे पाहण्यासारखे आहे. कासारगोडमधील एन्डोसल्फानच्या भीषण अनुभवाने कीटकनाशकांविषयी तिथे जी सामूहिक जाग आली, तिला शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या भाजीपाल्यावरील अवलंबित्वाच्या अस्वस्थतेची जोड मिळाली. राज्याने रोपांच्या पिशव्या वाटल्या, शाळांत बियाणे वाटले, आणि ‘ओणमसाठी सूपभर भाजी’ अशी मोहीम काढली. सणाच्या पानात वाढायची भाजी आपल्याच अंगणातील वा गच्चीवरील असावी, हे आवाहन लोकांना कळायला कोणत्याही पत्रकाची गरज नव्हती. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे मदतीची यंत्रणा आधीच उभी होती. पंचायत असो वा नगरपालिका, स्थानिक पातळीवर ‘कृषी भवन’ आहे, आणि १९९८ पासून उभे राहिलेले कुटुंबश्रीच्या महिला गटांचे जाळे आहे. या गटांना एकत्र जमीन कसण्याची, हिशेब ठेवण्याची आणि भांडण मिटवण्याची सवय होती. तिथे पिशवी ज्या हातात पडली, तो हात एकटा नव्हता.

आमच्या बेंगळूरुने दुसरा मार्ग दाखवला. कीटकशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी १९९० च्या दशकात इथे गच्चीबागेच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यातून घडलेल्या हौशी बागाईतदारांनी पुढे ‘ऊट फ्रॉम युवर तोट’, म्हणजे ‘आपल्या बागेतले जेवण’, या नावाने मेळावे भरवायला सुरुवात केली. तिथे बियांची देवघेव होते, कंपोस्टच्या कृती सांगितल्या जातात, कुणाच्या दोडक्याला फळ का धरत नाही यावर तावातावाने चर्चा झडते. सरकारी अनुदानावर उभी न राहिलेली ही चळवळ टिकली, कारण तिने वस्तूंऐवजी ज्ञान आणि ओळखी वाटल्या. मात्र तिची मर्यादाही उघड आहे. तिच्यात येणारे बहुतेक जण स्वतःच्या गच्चीचे, स्वतःच्या वेळेचे आणि पाण्याच्या टाकीचे मालक असतात.

आता थोडे गणित. गच्चीबागेचे समर्थक अनेकदा शहराच्या अन्नसुरक्षेची भाषा बोलतात. माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस धरली, तर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ५८० किलो लागतील. तीनशे चौरस फुटांच्या गच्चीवर चालण्याफिरण्याची वाट सोडता प्रत्यक्ष लागवडीखाली साधारण १४ चौरस मीटर जागा येते. एवढ्यात पालेभाजी, कोथिंबीर, मिरची, थोडी वांगी, एखाददुसरा वेल भागतो. कांदा-बटाटा बाजारातूनच येणार. भर उन्हाळ्यात हिरव्या आच्छादनातून दर चौरस मीटरला दिवसाकाठी पाच लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. म्हणजे या बागेला रोज ७० लिटर हवेत. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटर आहे. निम्म्या माणसाचे पाणी झाडांना द्यायचे असेल, तर ते नळाचे असून चालणार नाही. ते स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून किंवा सांडपाणी शुद्ध करून यायला हवे. रखवालदाराच्या पत्नीला हे आकडेमोड न करता ठाऊक होते.

वजनाचे गणितही तितकेच निष्ठुर आहे. ज्या सपाट छतावर माणसांचा वावर आहे, त्याने दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा वापराचा भार पेलावा, असे भारतीय मानक सांगते. वावर नसलेल्या छतासाठी ही अपेक्षा त्याच्या निम्मी आहे. ओल्या मातीचा अवघा १५ सेंटीमीटरचा थर दर चौरस मीटरला २४० किलोंच्या पुढे जातो. म्हणून जाणकार माती टाळून काथ्याचा भुसा, वाळलेला पाला आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरतात आणि जड कुंड्या तुळया व भिंतींच्या माथ्यावर ठेवतात. हे न समजता वाफे बांधले, की आधी वरच्या मजल्यावरील घराच्या छताला ओल धरते आणि मग शेजाऱ्यांत वितुष्ट येते. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक दोन पावसाळे शयनगृहात पातेले ठेवून झोपले. बागेच्या सभासदांत ते नव्हते. मिळाला तो फक्त गळतीचा वाटा. बैठकीत त्यांचा हात सर्वांत आधी वर गेला, याचा राग मला आज येत नाही.

शिवाय गच्ची आता रिकामी जागा राहिलेली नाही. तामिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पावसाचे पाणी साठवणे वा जिरवणे सक्तीचे केले. त्या दृष्टीने गच्ची हे स्वच्छ पाणलोट क्षेत्र आहे आणि कुंड्यांतून वाहणारे गढूळ पाणी ही तिथे अडचण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांवर सौरपट्ट्या बसवण्याची योजना आणली. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. त्यावर अग्निशमनाचे नियम, पाण्याच्या टाक्या, कपड्यांच्या दोऱ्या आणि पापड-सांडगे वाळवण्याचा जुना हक्क आहेच. जलखाते, ऊर्जाखाते, कृषीखाते आणि महापालिका असे चौघे एकाच गच्चीकडे पाहतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. उंच चौकटीवरील सौरपट्ट्यांच्या सावलीत पालेभाजी घेता येते, गढूळ पाण्याची वाट वेगळी काढता येते. हे शक्य आहे. पण त्यासाठी गच्चीचा एकत्रित आराखडा हवा, चार स्वतंत्र अनुदाने नव्हेत.

आणि मूळ प्रश्न मालकीचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने गच्चीची गणना सामायिक क्षेत्रात केली आहे. गच्ची सर्वांची, हे कायद्याने ठरले. पण सर्वांनी ती वापरायची कशी, गळतीचा खर्च कोणी सोसायचा, भाडेकरूला मत आहे की नाही, हे कोणत्याही योजनेच्या अर्जात विचारलेले नसते. अनुदान बहुधा व्यक्तीला मिळते आणि गच्ची असते समूहाची. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी कुटुंबांपैकी पावहिश्श्याहून अधिक भाड्याच्या घरांत राहत होती, तर सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडवस्त्यांत. पत्र्याच्या छपरावर माती चढत नाही. तिथे हिरवळीचे स्वप्न विकण्यापेक्षा अहमदाबादेतील वस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्टने जे केले, म्हणजे छपरांना उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग लावला, ते अधिक प्रामाणिक आहे. २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर त्या शहराने २०१३ मध्ये देशातील पहिल्या उष्णता कृती आराखड्यांपैकी एक आखला. ‘हरित’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक छपरावर वेगळा असू शकतो, हा त्याचा धडा.

याहून मोठी विसंगती जमिनीवर आहे. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ भूमी आहे. शहराचे सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळाच्या साह्याने निवळते, त्यावर मासे पोसले जातात, धापाच्या शेतांत भाजी पिकते आणि तीच भाजी शहराच्या बाजारात येते. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी आयुष्य वेचून या व्यवस्थेचे मोल जगाला समजावले. २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. तरीही बांधकामे तिचे लचके तोडत आहेत. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये यमुनेच्या पूरमैदानात खाद्यपिके घेण्यास मनाई केली. नदीच्या पाण्यातील जड धातू भाजीत उतरतात ही चिंता खोटी नव्हती. पण नदी मलिन करणारे निराळे आणि शिक्षा भोगणारे निराळे झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे काकडी-भोपळे पिकवणाऱ्यांची शेते आणि झोपड्या हटवल्या जात राहिल्या. नदी अजून स्वच्छ झालेली नाही. ज्या शहरात नदीकाठच्या शेतकऱ्याला उठवले जाते, त्याच शहरात सदनिकाधारकाला शेती शिकवली जाते. या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या पानावर कधी मांडल्या जात नाहीत, म्हणून त्या आपल्याला खटकत नाहीत.

मग गच्चीबागा सोडून द्याव्यात का? मुळीच नाही. फक्त त्यांच्याकडून योग्य ती अपेक्षा करायला हवी. त्यासाठी मला मुंबईचे उदाहरण आजही सर्वांत शिकवणारे वाटते. मुंबई बंदराच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांनी बाग उभी केली. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न भाजीचा नव्हता; स्वयंपाकघरातून रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचे काय करायचे, हा होता. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून माती घडवण्याचा जो विचार रुजवला होता, तो इथे कामी आला. कचऱ्यापासून माती झाली, मातीतून भाज्या आणि फळझाडे आली. खालच्या स्वयंपाकघराचा कचरा वर गेला आणि तिथेच जिरला. ती बाग एका सार्वजनिक संस्थेची होती, तिला रोजचा कच्चा माल होता, पाहणारे कर्मचारी होते आणि गच्चीच्या वापराला कार्यालयाची मान्यता होती. अनुदान नव्हे, ही चौकट महत्त्वाची.

यावरून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रारंभ खासगी घरांपासून न करता जिथे सार्वजनिक स्वयंपाकघर आहे तिथून करावा. रुग्णालये, वसतिगृहे, शाळांची मध्यान्ह भोजनाची केंद्रे, अंगणवाड्या, मंडया. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संस्थांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. ती आणि बाग ही एकच योजना व्हावी. दुसरी, सहनिवासांना अनुदान देताना गच्चीचा लिखित करार ही अट असावी. त्यात भारक्षमतेची तपासणी, गळतीची जबाबदारी, पाण्याचा स्रोत, भाडेकरूंचे मत आणि श्रम करणाऱ्याचा मोबदला नमूद असावा. अनुदानाचा अर्धा भाग तिसऱ्या वर्षी, बाग जिवंत असल्याचे पाहूनच द्यावा. तिसरी, नव्या इमारतींच्या नियमावलीत गच्चीची भारक्षमता, जलरोधन आणि वापरलेल्या पाण्याची स्वतंत्र वाहिनी यांची तरतूद आधीच करावी. नंतरची डागडुजी कित्येक पटींनी महाग पडते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, गच्चीवरील हिरवळ ही जमिनीवरील हिरवळीचा मोबदला म्हणून कुठल्याही परवानगीत मोजली जाऊ नये. नागरी नियोजनाची केंद्राची मार्गदर्शिका माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा धरते. ती जागा तळ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, मैदानात हवी. जिथे कुलूप नाही आणि सभासदत्व लागत नाही. वडाची सावली पादचाऱ्याला मिळते, गच्चीवरच्या टोमॅटोची मिळत नाही.

शहरी शेती हा शब्द उच्चारताना आपण शेतकऱ्याला विसरतो, ही यातली खरी खंत आहे. आपल्या शहरांत शेती जाणणारी माणसे कमी नाहीत. ती रखवालीच्या खोलीत, बांधकामावर, भाजीच्या हातगाडीमागे आहेत. दुष्काळाने आणि कर्जाने त्यांना इथे आणले. प्रशिक्षण वर्ग भरवताना आपण त्यांना विद्यार्थी म्हणूनही बोलावत नाही. वस्तुतः ती शिक्षक असू शकली असती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आमची बाग पुन्हा सुरू झाली, आधीच्या निम्म्या आकारात. आधी जलरोधनाचे काम झाले. शिक्षकांच्या छताची तपासणी त्यांच्या समक्ष झाली. एक पानाचा करार झाला. आठ घरे भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत भरून जिन्यात ठेवतात. रखवालदाराच्या पत्नीला देखभाल निधीतून दरमहा वेगळा मोबदला मिळतो आणि दोन वाफे तिच्या एकटीचे आहेत. त्यांत काय लावायचे हे तीच ठरवते. सौरपट्ट्या कुठे बसवायच्या यावरून अजून वाद चालू आहे आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो आहे. त्या बैठकीला यावेळी तिलाही निमंत्रण आहे. गच्चीची किल्ली आता सचिवांच्या घरात नसते. ती खाली, रखवालदाराच्या खोलीबाहेरच्या खिळ्यावर असते.